कॉम्प्युटरचे मासिक: घ्यावे की चाळून परत ठेवावे?

कॉम्प्युटरच्या मासिकात छापलेली जवळपास प्रत्येक बातमी तुम्ही आधीच मोबाइलवर वाचलेली असते. मजकूर पक्का होणे, छपाई, गठ्ठे बांधणे आणि स्टॉलपर्यंतचा प्रवास यात दोन-तीन आठवडे सहज जातात. तेव्हा 'ताजी माहिती मिळेल' म्हणून मासिक घेणार असाल तर पैसे खिशातच राहू द्या. पैसे द्यायचे ते दोन गोष्टींसाठी. एक, कुणीतरी एखादी वस्तू टेबलावर मांडून, मोजून, आठवडाभर वापरून तुमच्यासाठी मत बनवले आहे. दोन, एखादा अवघड विषय कुणीतरी पहिल्या पायरीपासून नीट लावून दिला आहे. यांपैकी काहीच नसेल तर तो अंक म्हणजे कंपन्यांची प्रसिद्धिपत्रके, फक्त गुळगुळीत कागदावर.

ही दोन्ही कामे खर्चाची आहेत, आणि जाहिराती इंटरनेटवर गेल्यावर हा खर्च अनेकांना झेपेना. अमेरिकेत 'बाइट' १९९८ मध्येच बंद पडले. 'पीसी मॅगझिन'चा छापील अंक २००९ च्या जानेवारीनंतर निघाला नाही. 'पीसी वर्ल्ड'चा छापील अंक २०१३ मध्ये थांबला, आणि २०२३ च्या एप्रिलनंतर 'मॅक्सिमम पीसी' आणि 'मॅकलाइफ' यांनीही कागद सोडला. आपल्याकडे १९८७ पासूनचे 'पीसीक्वेस्ट', २००१ मध्ये निघालेले 'डिजिट' आणि २००३ मध्ये 'लिनक्स फॉर यू' म्हणून सुरू होऊन २०१२ मध्ये 'ओपन सोर्स फॉर यू' झालेले मासिक, ही नावे मराठी घरांतल्या विद्यार्थ्यांच्या टेबलांवर वर्षानुवर्षे दिसत आली. पण या लेखात कुठल्या एका मासिकाची शिफारस नाही. कुठलाही अंक हातात आला की तो कसा तपासायचा, एवढेच इथे सांगायचे आहे. नाव मोठे असलेल्या मासिकाचा अंकही फुसका निघतो आणि अनोळखी मासिकात एखादा लेख पूर्ण किंमत वसूल करून देतो.

आधी गरज ठरवा

मासिक चांगले आहे का, यापेक्षा ते तुमच्या उपयोगाचे आहे का हे आधी पाहायचे. दोन महिन्यांत लॅपटॉप घ्यायचा असेल तर तुम्हाला तुलनात्मक चाचणी असलेला एकच अंक पुरतो. वर्षाच्या वर्गणीची गरज नाही. प्रोग्रॅमिंग किंवा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम शिकायची असेल तर परीक्षणे तुमच्या कामाची नाहीत, क्रमाने चालणारी लेखमाला हवी. दुकानात बिलिंगसाठी कॉम्प्युटर वापरणाऱ्याला गेमिंग कार्डांवरची चाळीस पाने काय कामाची? त्याला प्रिंटर, यूपीएस, बॅकअप यांवर काही आहे का ते बघायचे आहे. आणि 'मुलाला कॉम्प्युटरची आवड आहे' म्हणून आई-वडील घेणार असतील तर मुलाला सोबत नेऊन निवडू द्यावे. मोठ्यांनी निवडलेला अंक बहुधा 'करिअर विशेषांक' असतो आणि तो कपाटात जातो.

शाळा-कॉलेजच्या परीक्षेसाठी मात्र यातले कुठलेच मासिक घेऊ नका. अभ्यासक्रम आणि मासिक यांचा काही संबंध नसतो.

स्टॉलवर उभे राहून

दिवाळी अंक घेताना मराठी वाचक मुखपृष्ठ बघतो, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवतो, एखादी कथा अर्धी उभ्या-उभ्याच वाचतो आणि मग पाकीट काढतो. तीच सवय इथे वापरा, फक्त मुखपृष्ठ वगळा. मुखपृष्ठावरच्या '१०१ युक्त्या' आणि 'तुमचा पीसी दुप्पट वेगवान करा' या ओळी विक्री विभागाच्या असतात. आत जाऊन त्या १०१ पैकी विसाव्या आणि सत्तराव्या युक्तीवर नजर टाका. 'अनावश्यक फाइल्स डिलीट करा' आणि 'पासवर्ड मजबूत ठेवा' अशी भरती दिसली तर बाकीच्याही तशाच असणार.

पहिले पान उघडायचे ते संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे असलेले. आपल्याकडे छापील नियतकालिकावर ही नावे आणि छपाईचे व प्रकाशनाचे ठिकाण देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ती ओळ कुठे ना कुठे सापडतेच. तिथे तीन गोष्टी बघा. चाचण्या करणारी माणसे वेगळी नमूद केली आहेत का, म्हणजे संपादकांखेरीज 'चाचणी केंद्र' किंवा तत्सम विभागात कुणी आहे का. जाहिरात विभागातली नावे लेखन विभागाच्या किती पट आहेत. आणि टपालाने पाठवण्याची तारीख. अनेक भारतीय मासिकांवर 'दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक टपाल कार्यालयातून रवाना' असे बारीक अक्षरात असते. पुढे वर्गणी भरलीत तर अंक कधी यायला हवा हे याच ओळीवरून कळते.

जुना, मार्च महिन्याचा अंक हाती आला तर त्यात मालकीविषयीचे निवेदन शोधा. वर्तमानपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनुसार फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात मालक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाचे, हे छापावे लागे. मालक कंपनी पुरस्कार सोहळे आणि परिषदाही भरवत असेल, तर त्याच सोहळ्यांच्या प्रायोजकांच्या वस्तूंना अंकात किती तारे मिळतात याकडे लक्ष ठेवायला ही माहिती बरी पडते.

अंक प्लास्टिकमध्ये बंद असेल तर? डिस्क किंवा पुस्तिका सोबत असली की बंद पाकीटच येते आणि स्टॉलवाला ते फोडू देणार नाही, त्यात त्याचे काही चुकत नाही. अशा वेळी त्या महिन्याचा अंक सोडा, मागचा बघा. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आणि शहरातल्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयांत मागचे अंक असतात. मॅगझ्टरसारख्या डिजिटल स्टॉलवर काही पाने आधी चाळता येतात. अनुक्रमणिका तर बहुतेक मासिके आपल्या संकेतस्थळावर देतातच. मासिकाचा स्वभाव महिन्याला बदलत नाही; सलग तीन जुने अंक पाहिले की चौथ्यात काय असेल याचा अंदाज येतो.

अनुक्रमणिकेचे तीन ढीग

आता पेन्सिल घेतल्यासारखे करून प्रत्येक लेख तीनपैकी एका ढिगात टाका. पहिल्या ढिगात एका महिन्यात शिळे होणारे: बातम्या, 'लवकरच येत आहे', सोशल मीडियावरचे किस्से, कंपनीच्या अधिकाऱ्याची मुलाखत. दुसऱ्यात सहा महिने ते वर्षभर टिकणारे: वस्तूंची परीक्षणे, खरेदी मार्गदर्शन, एखाद्या सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्तीवरचे लेख. तिसऱ्यात बरीच वर्षे टिकणारे: प्रोसेसर कसा चालतो, एनक्रिप्शन म्हणजे नेमके काय घडते, नेटवर्कमध्ये माहितीचे पॅकेट इकडून तिकडे कसे जाते.

पहिला ढीग निम्म्याहून मोठा असेल तर अंक परत ठेवा. मी तरी ठेवतो. दुसरा ढीग भक्कम असेल आणि तुम्हाला खरेदी करायची असेल तर घ्या. तिसऱ्या ढिगात एक जरी मोठा, आकृत्यांसकट समजावून सांगितलेला लेख असेल तर बाकी अंक कसाही असला तरी तो विकत घेण्यासारखा आहे. 'बाइट'चा ऑगस्ट १९८१ चा स्मॉलटॉक या भाषेवरचा विशेषांक आजही लोक शोधून वाचतात. त्याच अंकातल्या जाहिरातींमधली यंत्रे केव्हाच भंगारात गेली, पण प्रोग्रॅममधल्या 'वस्तू' (ऑब्जेक्ट) एकमेकींना निरोप पाठवतात या कल्पनेचे स्पष्टीकरण अजून कामाचे आहे.

एक परीक्षण पूर्ण वाचा

मासिक ओळखायची सगळ्यात खात्रीची जागा ही. सगळी परीक्षणे चाळू नका. एकच निवडा, शक्यतो तुमच्या ओळखीच्या वस्तूचे, आणि शेवटपर्यंत वाचा. लॅपटॉपचे उदाहरण घेऊ.

पूर्ण मॉडेल क्रमांक दिला आहे का? एकाच नावाखाली कंपन्या पाच-सहा प्रकार विकतात आणि परदेशात चाचणी झालेला प्रकार भारतात येईलच असे नाही. रॅम एकाच पट्टीत आहे की दोन, हे लिहिले आहे का? एका पट्टीवर इंटिग्रेटेड ग्राफिक्स, म्हणजे वेगळे कार्ड नसून प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स, लक्षणीय मंदावते, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या लॅपटॉपचे आकडे वाचून तुम्ही एका पट्टीचा घेतलात तर ते आकडे तुमचे नव्हेत. ग्राफिक्स कार्डाचे नुसते नाव दिले आहे की वॅटही? लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही दिले जाऊ शकते. नाव तेच, काम करण्याची ताकद वेगळी. ज्या परीक्षकाने हा आकडा दिला नाही त्याने बहुधा बॉक्सवरचा मजकूर उतरवून काढला आहे.

मग बॅटरी. 'आरामात दिवसभर चालते' हे वाक्य निरुपयोगी. स्क्रीनचा उजेड किती ठेवला होता, वायफाय चालू होते का, व्हिडिओ चालवला की कागदपत्रांचे काम केले, हे हवे. घरबसल्या पडताळाही करता येतो. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये दिलेली असते. ५० वॅट-अवरच्या बॅटरीवर लॅपटॉप १४ तास चालला असे छापले असेल तर ५० भागिले १४, म्हणजे सरासरी साडेतीन वॅटच्या आसपास खर्च झाला. मंद उजेडात एकच व्हिडिओ फिरवत ठेवला तर असे होऊ शकते. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडून काम करणाऱ्या माणसाकडे ते होत नाही. सरासरी आठ वॅट धरले तर सहा तासांच्या थोडे पुढे जाईल. हा भागाकार लेखकाने स्वतः केलेला दिसला, तर मासिक जपून ठेवा.

उष्णतेचा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा. चाचणी वेळी खोलीचे तापमान किती होते? ब्रिटनमधल्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत जो लॅपटॉप गपचूप चालतो तो मे महिन्यात नागपुरात, पंख्याखाली, आतला पंखा फुल करून घोंगावेल आणि तापमान आवरण्यासाठी प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करेल. म्हणून एकदाच चालवलेल्या बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा पुरेसा नाही. सिनेबेंचसारखी चाचणी लागोपाठ अर्धा तास चालवून पहिल्या आणि शेवटच्या फेरीत किती फरक पडला, हे देणारे मासिक तुमच्या घरातली परिस्थिती थोडीफार तरी दाखवते.

एसएसडीचेही (हार्ड डिस्कऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचेही) तसेच. कंपनीने दिलेला 'सेकंदाला इतके एमबी' हा आकडा बहुधा पहिल्या काही जीबींपुरता खरा असतो. आतली वेगवान जागा भरली की काही स्वस्त ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीला येतो. शंभरेक जीबीची फाइल कॉपी करून बघितली आहे का, तेवढे शोधा. प्रिंटर असेल तर एका पानाचा खर्च रुपयांत काढलेला हवा, आणि तो शाईच्या बाटलीची किंवा कार्ट्रिजची भारतातली किंमत धरून. वॉरंटी घरी येऊन की सेवा केंद्रात नेऊन, हे एका ओळीत तरी असावे. किंमत कोणत्या महिन्यातली, तेही.

आता गुणांकडे. अंकातल्या सगळ्या परीक्षणांचे गुण एका कागदावर लिहून काढा. सगळे सात ते नऊच्या मध्ये असतील तर ती मोजपट्टी दहाची नसून दोनचीच आहे. ज्या अंकात एखाद्या नामांकित कंपनीच्या वस्तूला चार गुण दिलेत आणि का दिलेत हे सभ्यपणे सांगितले आहे, त्या अंकातल्या नऊ गुणांना वजन येते. 'जबरदस्त', 'अफलातून', 'किलर' ही विशेषणे मोजत बसू नका. त्याऐवजी 'पण' या शब्दानंतर काय येते ते वाचा. 'पण रंग आणखी दोन असते तर बरे झाले असते' असली टीका म्हणजे टीका न करण्याची युक्ती.

'फर्स्ट लूक' आणि परीक्षण यांतही गल्लत करू नका. कंपनीच्या कार्यक्रमात दहा मिनिटे हाताळून लिहिलेल्या मजकुराला परीक्षणाचा साज चढवलेला असतो. 'सर्वात आधी आमच्याकडे' असे मिरवणाऱ्या लेखाबाबत सावध राहा. कंपन्या वस्तू आगाऊ देतात आणि ठरलेल्या तारखेआधी लिहायचे नाही अशी अट घालतात. त्यात गैर काही नाही, पण परीक्षकाला वस्तूसोबत चार दिवस मिळाले की महिना, हे त्याने सांगायला हवे.

वस्तू आली कुठून, हा शेवटचा प्रश्न. अमेरिकेतले 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' चाचणीच्या वस्तू बाजारातून स्वतः, ओळख न देता विकत घेते. बहुतेक कॉम्प्युटर मासिकांना ते परवडत नाही, वस्तू कंपनीकडूनच येते. कंपनी खराब निघालेला नग पाठवणार नाही हे उघड आहे. तरी 'नमुना अमुक कंपनीने दिला' एवढे छापणारे मासिक न छापणाऱ्यापेक्षा चांगले. आणि मागच्या अंकातल्या चुकीचे शुद्धिपत्र देणारे त्याहून चांगले. वाचकांच्या पत्रांमध्ये 'तुमचा आकडा चुकला' असे एखादे पत्र छापलेले दिसले तर मी तरी त्या मासिकाला झुकते माप देतो.

जाहिराती नकोत असे नाही

नवे वाचक जाहिरातींवर चिडतात. चिडण्याचे कारण नाही, त्यांच्याशिवाय अंकाची किंमत तिप्पट झाली असती. अमेरिकेतले 'कॉम्प्युटर शॉपर' तर लोक जाहिरातींसाठीच घेत. ऐन भरात त्याचा अंक आठशे पानांच्या पुढे जाई आणि टपालाने सुटे भाग विकणाऱ्यांचे दर त्यात पानोपानी असत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दहा दुकाने फिरून भाव काढण्याचे काम त्या पानांवर बसल्या जागी होई.

शोधायचे ते लपवलेले. पानाच्या कोपऱ्यात बारीक 'अ‍ॅडव्हर्टोरियल', 'स्पेशल फीचर', 'यांच्या सहकार्याने' असे काही आहे का. अक्षराचा साचा बाकी लेखांपेक्षा किंचित वेगळा आहे का. लेखकाचे नाव नाही का. आणि परीक्षणासमोरच्याच पानावर त्याच कंपनीची पूर्णपान जाहिरात आहे का. शेवटचे एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल. एका अंकात तीनदा घडले तर अंक खाली ठेवा.

करून पाहायचे लेख करूनच पाहा

शिकवणारे लेख वाचताना सगळेच सोपे वाटतात. त्यांची परीक्षा कीबोर्डसमोरच होते. घरी आणलेल्या किंवा वाचनालयातल्या अंकातला एकच लेख घ्या आणि छापल्याबरहुकूम, स्वतःची अक्कल न लावता, तंतोतंत करत जा. जिथे अडाल तिथे लेखकही अडला होता का, की त्याने ते कधी करूनच पाहिले नाही, हे लगेच कळते.

काही खुणा आधीच दिसतात. सॉफ्टवेअरची आवृत्ती नमूद नसेल तर लेख संशयास्पद. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरच्या लेखात प्रिंट या आज्ञेनंतर कंस नसतील तर तो पायथन २ चा आहे, आणि त्या आवृत्तीचा पाठिंबा (सपोर्ट, म्हणजे दुरुस्त्या मिळणे) १ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. त्यानंतरच्या अंकात 'विंडोज १० वेगवान करा' असा लेख असेल आणि सुरक्षेबद्दल एक ओळही नसेल तर तो जुन्या फाइलमधून काढलेला आहे. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरवर दिवा लुकलुकवण्याचा लेख असेल तर कोणत्या मॉडेलवर करून पाहिला ते हवे, कारण २०२३ च्या पाय ५ वर पिनांचे काम नव्या चिपकडे गेले आणि जुनी लोकप्रिय पायथन लायब्ररी तिथे चालत नाही.

छपाईतल्या चुकाही वेगळ्या जातीच्या असतात. पानाची मांडणी करणारे सॉफ्टवेअर सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करते, दोन छोट्या आडव्या रेघांची एक लांब रेघ करते, आणि लांब आज्ञा पुढच्या ओळीवर मोडते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, यांतले काहीच चालत नाही. चांगले मासिक कोडसाठी वेगळा, समान रुंदीचा टाइप वापरते, ओळ मोडली आहे हे खुणेने दाखवते आणि पूर्ण कोड उतरवून घेण्याची सोय देते. स्क्रीनची चित्रे टपाल तिकिटाएवढी छापली असतील तर ती शोभेची आहेत.

लेखात 'हे चुकले तर काय दिसेल' आणि 'पूर्ववत कसे करायचे' हे आहे का, तेही पाहा. डिस्कचे विभाजन बदलायला सांगणारा लेख बॅकअपचा शब्दही काढत नसेल, तर त्या मासिकातले दुसरे काहीही करून पाहू नका. आणखी एक: 'ओपन सोर्स फॉर यू'सारख्या मासिकात बरेच लेख बाहेरच्या मंडळींकडून, म्हणजे उद्योगात काम करणाऱ्यांकडून आणि प्राध्यापकांकडून येतात. तिथे मासिकाऐवजी लेखकावर भरवसा ठेवायला शिका. लेखाखालचा दोन ओळींचा परिचय वाचा. डेटाबेस रोज सांभाळणाऱ्याने डेटाबेसवर लिहिले असेल तर थांबून वाचण्यासारखे.

सोबतच्या डिस्कचा मोह

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने खुले केले, आणि पुढची कित्येक वर्षे ते टेलिफोनच्या तारेतूनच आले. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर ६५० एमबीची सीडी उतरवायची तर, लाइन एकदाही न तुटता, साधारण २६ तास लागणार. त्या काळात 'पीसीक्वेस्ट'सोबत आलेली लिनक्सची सीडी किंवा 'डिजिट'ची गच्च भरलेली डिस्क हीच खरी वस्तू होती. मासिक तिच्याभोवती गुंडाळलेले असे म्हटले तरी चालेल. आज बहुतेक लॅपटॉपना डिस्क घालायची जागाच नाही. डिस्कसाठी मासिक घेऊ नका. 'डिजिट'ची 'फास्ट ट्रॅक' ही एका विषयावरची छोटी पुस्तिका मात्र कधीकधी मूळ अंकापेक्षा उजवी असे. अशी पुस्तिका सोबत असेल तर तिचा विषय आधी बघा.

मुखपृष्ठावरची भेट खरेच किमतीची असण्याचे उदाहरण एकच आठवते. रास्पबेरी पायवरच्या 'मॅगपाय' या ब्रिटिश मासिकाच्या डिसेंबर २०१५ च्या चाळिसाव्या अंकासोबत चक्क पाच डॉलरचा अख्खा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय झीरो, चिकटवलेला होता.

डिस्कवर आंधळा विश्वास ठेवू नये याचेही जुने उदाहरण आहे. डिसेंबर १९८९ मध्ये एड्सविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालाने पाठवल्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच 'पीसी बिझनेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकाच्या वर्गणीदारांच्या यादीवरून. कॉम्प्युटर नव्वदेक वेळा सुरू झाला की फ्लॉपीतला प्रोग्रॅम फाइल्सची नावे गुप्त लिपीत बदलून टाकी आणि पनामाच्या पत्त्यावर १८९ डॉलर मागे. खंडणी मागणारा हा पहिला प्रोग्रॅम मानला जातो. कुठल्याही मासिकासोबत पेन ड्राइव्ह आला तर आधी तपासून घ्या.

पैशांचा हिशेब

छापील किंमत पानांनी भागू नका. तुम्ही जे लेख वाचणार, त्यांनी भागा. समजा अंक दोनशे रुपयांचा आहे आणि तुमच्या कामाचे दोनच लेख निघाले, तर एक लेख शंभराला पडला. त्या विषयावरचे चांगले पुस्तक चारशेला मिळत असेल तर पुस्तक घ्या. पण तुम्ही साठ हजारांचा लॅपटॉप घेणार आहात आणि त्या अंकात पंधरा लॅपटॉपची मोजून केलेली तुलना आहे, तर दोनशे रुपये काहीच नाहीत.

आयात केलेल्या ब्रिटिश किंवा जर्मन मासिकांवर रुपयांचे स्टिकर लावलेले असते आणि ती अनेकदा महिना-दीड महिना उशिरा स्टॉलवर येतात. त्यातले खरेदी मार्गदर्शन आपल्या उपयोगाचे नाही, कारण किमती आणि मॉडेले दोन्ही तिकडची. समजावणारे लेख मात्र चांगले असतात. तेवढ्यासाठी डिजिटल अंक स्वस्त पडतो. काही ब्रिटिश मासिके वर्षाला बारा नव्हे, तेरा अंक काढतात; वर्गणीची तुलना करताना एका अंकाचा दर काढा.

वर्गणी भरण्याआधी किमान दोन-तीन सुटे अंक विकत घेऊन वाचा. तीन वर्षांच्या वर्गणीवर बॅग, हेडफोन, घड्याळ असे काही देत असतील तर भेटवस्तू वगळून किंमत परवडते का ते पाहा. साध्या टपालाने येणारा अंक हरवला तर त्याचा माग काढता येत नाही, म्हणून कुरिअरचा किंवा स्पीड पोस्टचा पर्याय आहे का विचारा. न आलेला अंक किती दिवसांत कळवायचा, हे अटींमध्ये शोधून पानाचा फोटो काढून ठेवा. कार्डावरून आपोआप नूतनीकरण होणार असेल तर ती खूण काढून टाका. फक्त डिजिटल वर्गणी असेल तर वर्गणी संपल्यावर जुने अंक वाचता येतील की कुलूप लागेल, हे लेखी विचारा. पीडीएफ उतरवून देणारे मासिक आणि फक्त अ‍ॅपमध्ये दाखवणारे मासिक यांची किंमत सारखी असू नये.

रद्दीतले अंक

नवशिक्यासाठी खरा स्वस्त माल इथे आहे. मुंबईत फोर्टात फाउंटनच्या आसपास आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात, आणि कुठल्याही गावात रद्दीच्या दुकानात असे अंक मिळतात. परीक्षणांची पाने उलटून टाका आणि तिसऱ्या ढिगातले लेख शोधा. सलग बारा महिन्यांचा गठ्ठा मिळाला तर सुट्या अंकांपेक्षा तो घ्या. लेखमाला तुटत नाही. सुरक्षेवरचे जुने लेख मात्र नुसते वाचा, त्यातल्या सूचना पाळू नका.

'बाइट'चे १९७५ पासूनचे अंक इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेले आहेत आणि चाळायला पैसे पडत नाहीत. 'मॅगपाय'ही बरीच वर्षे प्रत्येक अंकाची पीडीएफ मोफत देत होते. जुने अंक उतरवून घेतले तर रास्पबेरी पायवर सुरुवात करायला काही महिने पुरतील, फक्त वर सांगितलेला पाय ५ चा फरक लक्षात ठेवा. रद्दीवाल्याकडे भाव करताना अंकावरची छापील किंमत दाखवू नका. तो त्यावरूनच सुरुवात करेल.